मेणाचं नाक

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणाले होते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी घरी बोलायला, आणि शाळेत पेपरापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण एक गोष्ट गेली दोन वर्षं डोक्यात घोळते आहे, आणि ती इंग्रजी विभागात सांगायला मजा येणार नाही असं वाटलं, म्हणून इथे.

गोष्ट फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सच्या ओरलपासून सुरू होते. एक्स्टर्नल सर वयस्कर आणि शांत होते, म्हणून मी निर्धास्त. त्यांनी विचारलं, "स्थिर त्वरण असताना अंतराचा फॉर्म्युला?" मी धडाधडा म्हणाले, "एस इज इक्वल टू यूटी प्लस हाफ एटी स्क्वेअर." सर म्हणाले, "छान. आता मला सांगा, यातला तो हाफ कुठून आला?"

मी गप्प. मग म्हणाले, "सर, तो फॉर्म्युल्यातच आहे."

"फॉर्म्युल्यात कुठून आला?"

"पुस्तकात दिलाय, सर."

सर रागावले नाहीत. हसले, आणि म्हणाले, "पुस्तकात दिला नसता तर?" मार्क बरे दिले त्यांनी. पण बाहेर पडताना कान गरम झाले होते. संध्याकाळी रूमवर मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, दोनदा इंटिग्रेट केलंस की येतो!" ते मलाही येत होतंच की. बारावीला त्यात मार्क पडले होते. मग ओरलला का सुचलं नाही? कारण फॉर्म्युला कुठून तरी आलेला असतो, हा विचारच मी कधी केला नव्हता. तो पुस्तकात असतो. पुस्तक म्हणतं म्हणजे बरोबर. बाबावाक्यं प्रमाणम्!

आता गंमत बघा. नववीच्या इतिहासात आम्हाला 'डार्क एजेस' होतं. आमच्या सिस्टर फार जीव तोडून शिकवायच्या, त्यामुळे उत्तर अजून पाठ आहे: मध्ययुगीन युरोपात लोक स्वतः विचार करत नसत, चर्च आणि अ‍ॅरिस्टॉटल सांगतील ते खरं मानत, मग रेनेसान्स आला आणि उजेड पडला. पाच मार्क. ओरलच्या रात्री मला वाटलं, अंधारयुग बाराव्या शतकात होतं का लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर आहे? त्या सुट्टीत मी मध्ययुगीन विद्यापीठांवर मिळेल ते वाचायला घेतलं. आणि कळलं ते असं, की पाच मार्कांचं ते उत्तर अर्धंच खरं होतं.

आधी थोडं ओळखीचं वातावरण सांगते. 'लेक्चर' हा शब्द लॅटिनमधल्या 'वाचणे' या क्रियापदावरून आला. पुस्तक हाताने लिहिलेलं आणि महाग, म्हणून मास्तर ते वाचून दाखवायचा आणि वाचता वाचता अर्थ लावायचा. पॅरिसच्या कला शाखेत तर १३५५ मध्ये नियमच झाला, की मास्तरांनी मुलांना लिहून घेता येईल अशा संथ गतीने बोलायचं नाही, जणू समोर कोणी लिहून घेत नाहीये असं बोलायचं. म्हणजे नोट्स डिक्टेट करायला बंदी! जो मास्तर मोडेल त्याला एक वर्ष शिकवायला मनाई. आणि याविरुद्ध जे विद्यार्थी आरडाओरडा करतील, शिट्ट्या मारतील किंवा दगड फेकतील त्यांनाही एक वर्ष बाहेर. नियमात दगडांचा उल्लेख आहे म्हणजे कोणीतरी फेकले असणार, नाही का?

झेरॉक्सवाल्याचीही सोय होती. पॅरिस आणि बोलोन्यात पुस्तकविक्रेते तपासून घेतलेली एक मूळ प्रत ठेवत आणि तिचे सुटे भाग भाड्याने देत. या भागाला 'पेसिया' म्हणत. एक पेसिया न्यायचा, उतरवून काढायचा, परत करायचा, पुढचा न्यायचा. एकाच वेळी एका पुस्तकाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या लोकांकडे. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवून द्यायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री एक फाइल चार रूममध्ये फिरते ती पद्धत तेराव्या शतकातली आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि हॉस्टेल! 'कॉलेज' म्हणजे मुळात हॉस्टेलच. पॅरिसमध्ये रोबेर द सोर्बाँ या राजाच्या धर्मगुरूने १२५७ च्या सुमारास धर्मशास्त्र शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी राहण्या-जेवण्याची सोय केली, तेच पुढचं सोर्बोन. नियम वाचले तर रेक्टर मॅडमनीच लिहिलेत असं वाटेल. कारण नसताना खोलीत जेवायचं नाही, परवानगीशिवाय रात्री बाहेर राहायचं नाही, स्वयंपाकघराची किल्ली कोणाजवळ असता कामा नये. पण १२९० च्या यादीप्रमाणे तिथल्या ग्रंथालयात १०१७ पुस्तकं होती, सगळी हातांनी लिहिलेली. घरी पैसे मागण्याच्या पत्रांचे तर तयार नमुने मिळायचे. शहर महाग आहे, अभ्यास जोरात चालू आहे, पैसे पाठवावेत. नाव आणि गाव बदलायचं की झालं.

एक मात्र वाचून मी दचकले. शिक्षणाची भाषा सगळीकडे लॅटिन. पंधराव्या शतकात जर्मन विद्यापीठांच्या वसतिगृहांत कोणी आपल्या मातृभाषेत बोललं तर ते कळवायला विद्यार्थ्यांमधलेच हेर नेमत. त्यांना 'लांडगे' म्हणत. आमच्या वेळी मराठी बोललं की मॉनिटर वहीत नाव लिहायची. तिला काय म्हणायचं ते आम्हाला तेव्हा सुचलं नव्हतं.

बोलोन्याची गोष्ट स्टाफने वाचली नाही तरी चालेल. तिथे कायदा शिकणाऱ्या मुलांनी, म्हणजे चांगल्या वाढलेल्या, लांबून आलेल्या माणसांनी, आपली संघटना केली आणि प्राध्यापकांना तिच्या नियमात बांधलं. एक दिवससुद्धा रजा घ्यायची तर परवानगी. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम. घंटेला सुरू करायचं आणि घंटेला थांबायचं. पाचसुद्धा श्रोते जमले नाहीत तर गैरहजेरीइतका दंड. अवघड भाग 'नंतर बघू' म्हणून सोडून द्यायचा नाही! मला हे सगळं वाचून आधी खूप हसू आलं, मग तेवढं नाही आलं. कारण ही मुलं फी देणारं गिऱ्हाईक म्हणून वागत होती. प्राध्यापक वेळेवर आला, पोर्शन पूर्ण झाला, ठीक. पण त्याने शिकवलं ते खरं कशावरून, हा प्रश्न या नियमांत कुठेच नाही. तो पॅरिसमध्ये सापडतो.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा, 'ऑक्टोरितास'. ऑथॉरिटी यावरूनच आला, पण तेव्हा त्याचा एक अर्थ फार ठोस होता. मान्यवर ग्रंथकाराचं एखादं वाक्य म्हणजे एक ऑक्टोरितास. सेंट ऑगस्टीनचं वाक्य, बायबलमधलं वाक्य, पुढे अ‍ॅरिस्टॉटलचं वाक्य. वादात असं वाक्य टाकायचं म्हणजे पत्त्यांत हुकूम टाकण्यासारखं. मग अडचण अशी झाली की हुकूम दोघांच्याही हातात निघायला लागले.

ही अडचण ज्याने उघड्यावर मांडली तो पीटर अबेलार. जन्म १०७९, फ्रान्समध्ये नांत शहराजवळ. सरदाराचा थोरला मुलगा, पण वारसा सोडून तर्कशास्त्र शिकायला निघाला. वाद घालायची खोड इतकी की पॅरिसला आपल्याच गुरूंना, विल्यम ऑफ शाँपोंना, वर्गात खोडून काढलं आणि त्यांना आपलं मत बदलायला लावलं. असा विद्यार्थी कोणत्या सरांना आवडेल? त्याची आणि एलोईजची प्रेमकथा, त्याचा झालेला भयंकर शेवट, हे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. तो विषय वेगळा आहे. असो.

अबेलारने एक पुस्तक तयार केलं. नाव लॅटिनमध्ये 'सिक एत नॉन', म्हणजे 'होय आणि नाही'. त्यात १५८ प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली धर्माचार्यांची वचनं, काही 'होय' म्हणणारी, काही 'नाही' म्हणणारी. आणि उत्तर? उत्तर नाहीच! प्रस्तावनेत फक्त कसं वाचावं ते दिलंय. एकच शब्द दोन ठिकाणी वेगळ्या अर्थाने आलाय का बघा. नकलणाऱ्याने चूक केली आहे का बघा. लेखकाने नंतर आपलं म्हणणं मागे घेतलं का बघा. तो स्वतःचं मत मांडतोय का दुसऱ्याचं सांगतोय ते बघा. म्हणजे थोरांचं वाक्य हे उत्तर नव्हे, तो प्रॉब्लेमचा 'गिव्हन डेटा' आहे. सोडवायचं आपण.

याची किंमत त्याने मोजली. ११२१ मध्ये स्वासाँ इथे धर्मसभा भरली आणि त्याचं एक पुस्तक दोषी ठरलं. त्या वेळचा एक प्रसंग त्याने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलाय. त्याच्या विरोधकांपैकी एक विद्वान, आल्बेरिक, त्याचंच पुस्तक हातात घेऊन आला आणि एका विधानावर बोट ठेवलं. अबेलार म्हणाला, हवं तर कारण देऊन सिद्ध करतो. आल्बेरिक म्हणाला, असल्या बाबतीत आम्हाला माणसाची कारणं नकोत, ऑक्टोरितास दाखव. तेव्हा अबेलार म्हणाला, मग पान उलटा. पान उलटलं तर तिथे ऑगस्टीनचं वचन! आल्बेरिकने पुस्तक दोष शोधायला वाचलं होतं, त्यामुळे त्याला ते दिसलंच नव्हतं.

वाद जिंकला, पण खटला हरला. ते पुस्तक त्याला स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावलं. सुमारे वीस वर्षांनी साँस इथल्या सभेत तो पुन्हा दोषी ठरला. शेवटी क्लूनीच्या मठाधिपतींनी त्याला आसरा दिला आणि ११४२ मध्ये तो गेला. पण त्याची पद्धत गेली नाही. पुढच्या पिढीत पीटर लोंबार्डने वचनं समोरासमोर मांडून, त्यांचा मेळ घालून, 'सेंटेन्सेस' नावाचा ग्रंथ केला आणि तोच धर्मशास्त्राचं टेक्स्टबुक झाला. कित्येक शतकं!

याच शतकात आलाँ द लील नावाच्या एका विद्वानाने एक उपमा वापरली ती मला फार आवडली. तो म्हणतो, ऑक्टोरितासला मेणाचं नाक असतं. हवं त्या बाजूला वळवता येतं. म्हणून तिला कारणांचा टेकू द्यावा लागतो. आणि इंग्लंडच्या अ‍ॅडेलार्ड ऑफ बाथने तर आणखी कडक लिहिलं. तो अरबी विद्या शिकायला फिरून आला होता, युक्लिडची भूमिती त्याने अरबीतून लॅटिनमध्ये आणली. आपल्या पुतण्याला तो सुनावतो की मी अरब गुरूंकडून बुद्धीने चालायला शिकलो, तू मात्र गळ्यात म्होरकी घातलेल्या जनावरासारखा चालतोस, कुठे नेतायत आणि का नेतायत ते न विचारता. हे वाचताना मला 'पुस्तकात दिलाय, सर' आठवलं. म्होरकी मला चांगलीच बसली.

आता पुस्तकं आली कुठून ते सांगायला हवं. स्पेनमधलं तोलेदो शहर १०८५ मध्ये ख्रिस्ती राजाच्या ताब्यात आलं, पण तिथे अरबी ग्रंथ आणि अरबी जाणणारी माणसं तशीच होती. इटलीतला जेरार्ड ऑफ क्रेमोना टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा खगोलाचा ग्रंथ शोधत तिथे गेला आणि परत येण्याऐवजी तिथेच राहिला. मरेपर्यंत, म्हणजे ११८७ पर्यंत, त्याने सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. टॉलेमी, अ‍ॅरिस्टॉटल, इब्न सिनाचं वैद्यक. बीजगणितवाला अल्-ख्वारिज्मीही या काळात लॅटिनमध्ये आला. त्याच्या नावाचं लॅटिन रूप म्हणजेच आपला 'अल्गोरिदम', आणि त्याच्या ज्या पुस्तकावरून ते पडलं ते भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी याबद्दल होतं. कॉम्प्युटरवाल्यांनी नोंद घ्यावी.

अ‍ॅरिस्टॉटलचं तर्कशास्त्र युरोपला आधी माहीत होतं. पण निसर्गाबद्दलचे त्याचे ग्रंथ पॅरिसला पोचले तेव्हा चर्च हादरलं. तो म्हणतो जग अनादी आहे, मग देवाने निर्माण केलं त्याचं काय? १२१० मध्ये पॅरिसला धर्मसभा भरली. त्याच सभेने काही पाखंडी ठरवलेल्या पाद्र्यांना शिक्षेसाठी सोपवलं आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्याच सभेचा दुसरा ठराव, अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ आणि त्यांवरची भाष्यं पॅरिसमध्ये उघड किंवा गुपचूप शिकवायची नाहीत, नाहीतर बहिष्कार. १२१५ च्या नियमांत ही बंदी पुन्हा घातली. (त्याच नियमांत कला शाखेत शिकवायला किमान वय २१ आणि सहा वर्षांचा अभ्यास हवा असंही आहे. म्हणजे मला अजून एक वर्ष अवकाश आहे.)

नववीच्या उत्तराप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी. संपली नाही.

१२२९ मध्ये उपासाच्या काळाआधीच्या सणात काही विद्यार्थी पॅरिसबाहेरच्या एका दारूच्या गुत्त्यात बिलावरून भांडले. लोकांनी त्यांना चोपलं. दुसऱ्या दिवशी पोरं दांडकी घेऊन परत आली आणि गुत्त्याची नासधूस केली. राजा लहान होता, कारभार त्याची आई ब्लाँश हिच्या हातात. तिच्या शिपायांनी जाऊन विद्यार्थ्यांवर हत्यारं चालवली आणि काही जण मेले. असं म्हणतात की मेलेल्यांचा त्या मारामारीशी संबंधच नव्हता. मग मास्तर आणि विद्यार्थी दोघांनी मिळून जे केलं ते अजून कुठल्या कॉलेजने केलं असेल असं वाटत नाही. न्याय मिळेना म्हणून सगळे तासच बंद केले आणि शहर सोडलं. इंग्लंडच्या राजाने इकडे या म्हणून आमंत्रण दिलं. तुलूझला नवीन विद्यापीठ निघालं होतं, त्यांनी जाहिरात केली, की पॅरिसला बंदी असलेला अ‍ॅरिस्टॉटल आमच्याकडे शिकायला मिळेल! जवळजवळ दोन वर्षं पॅरिस ओस. शेवटी १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने विद्यापीठाला सनद दिली आणि अन्याय झाल्यास तास बंद ठेवण्याचा हक्क मान्य केला. अ‍ॅरिस्टॉटलबद्दल म्हटलं, तपासून दोष काढेपर्यंत वापरू नका, आणि तिघांची समिती नेमली.

समितीचं काम कधीच पूर्ण झालं नाही. हे वाचून मात्र आश्चर्य वाटलं नाही.

दरम्यान मास्तर शिकवू लागले. आणि १९ मार्च १२५५ ला पॅरिसच्या कला शाखेने अभ्यासक्रम ठरवला त्यात अ‍ॅरिस्टॉटलचे सगळे उपलब्ध ग्रंथ, कोणता किती आठवड्यांत संपवायचा यासकट! १२१० ला ज्यासाठी बहिष्कार, ४५ वर्षांनी ते न शिकवून चालणार नाही. आता मला सांगा, हा अंधार का?

पण लगेच उलटी उडीही मारू नये. कारण बंदी घातलेलं पुस्तक सिलॅबसमध्ये आलं की ते नवं बाबावाक्य होतं. पॅरिसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलला नुसतं 'तत्त्वज्ञ' म्हणायचे, नाव घ्यायची गरज नाही, आणि कॉर्दोबाच्या इब्न रुश्दला 'भाष्यकार'. एकाची म्होरकी काढून दुसऱ्याची घातली, असं झालं असतं. ते पूर्णपणे झालं नाही याचं श्रेय मला शिकवण्याच्या पद्धतीला द्यावंसं वाटतं.

लेक्चरच्या जोडीला दुसरी गोष्ट असायची, वाद. तोही नियमांचा. प्रश्न असा मांडायचा की उत्तर होय किंवा नाही येईल. मग आधी आपल्या मताच्या विरुद्ध जे जे म्हणता येईल ते मांडायचं. मग एखादं वचन दुसऱ्या बाजूने. मग आपलं उत्तर, कारणांसकट. आणि शेवटी आधीच्या एकेका विरोधी मुद्द्याला जबाब, एकही न गाळता. थॉमस अक्वायनस हा संत, पण त्याच्या ग्रंथात 'देव आहे का' हा प्रश्न आला की सुरुवात देव नाही असं वाटायला लावणाऱ्या दोन मुद्द्यांनी होते. जगात वाईट आहे त्याचं काय, आणि देवाशिवायही सगळ्याचा उलगडा होतोच की. पाद्र्याच्या पुस्तकात हे छापलेलं बघून मी दोनदा वाचलं. आमच्या मजल्यावरच्या संस्कृत घेतलेल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "यात काय, आपल्याकडे पूर्वपक्ष असतो तो हाच." ते खरंच. दोन्हीकडे वेगवेगळं सुचलं, म्हणजे चांगलं असणार. शिवाय हाच अक्वायनस लिहून गेलाय की माणसाच्या बुद्धीवर उभं असलेलं 'अमुक म्हणतो म्हणून' हे सगळ्यात दुबळं कारण.

आणि वर्षातून दोनदा, नाताळाआधी आणि ईस्टरआधी, खास वाद व्हायचा. त्याचं नाव 'क्वोद्लिबेत', म्हणजे 'वाट्टेल ते'. मास्तर समोर बसायचा आणि कोणीही त्याला कशाबद्दलही विचारायचं. आपल्या मुलांनीच नाही, दुसऱ्या मास्तरांनी, पाहुण्यांनी, विरोधकांनीसुद्धा. विषय आधी माहीत नाही. एक-दोन दिवसांनी मास्तरने सगळ्याची नीट उत्तरं द्यायची. अक्वायनसला एकदा विचारलं, सत्य जास्त बलवान का दारू, का राजा, का बाई? खोडी काढायलाच विचारलं असावं. त्याने त्याचंही गंभीरपणे उत्तर दिलं. क्वोद्लिबेत घेणं सक्तीचं नव्हतं आणि बरेच मास्तर त्या वाटेला जात नसत. साहजिक आहे! आपल्याकडे ओरल म्हणजे एक सर आणि घाबरलेला विद्यार्थी. ही ओरल उलटी, एक सर आणि अख्खा हॉल.

याला कुंपण होतंच. ७ मार्च १२७७ ला पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने २१९ विधानांची यादी काढली, ही शिकवाल तर बहिष्कृत व्हाल म्हणून. अक्वायनसला जाऊन त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती, आणि यादीतली काही विधानं त्याच्याही शिकवणीला लागू पडत होती. (पुढे तो संत ठरल्यावर १३२५ मध्ये त्याच्यापुरता हा निषेध मागे घेतला. संताला बहिष्कृत कसं ठेवणार!) यादीतलं एक विधान असं, की देव आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. पोकळी असूच शकत नाही हे अ‍ॅरिस्टॉटलचं मत. बिशप म्हणाला, देव काय करू शकत नाही ते तुम्ही ठरवू नका. यातून पोकळीचा, दुसऱ्या जगांचा विचार 'समजा असं झालं तर' म्हणून करायला वाट मिळाली. पिएर द्युएम या फ्रेंच शास्त्रज्ञाने तर यालाच आधुनिक विज्ञानाचा जन्म म्हटलं. नंतरच्या इतिहासकारांना ते पटत नाही, आणि मलाही नाही. बंदीतून चुकून काही चांगलं निघालं म्हणून बंदीला पेढे वाटायचे नसतात. पण 'समजा' हा शब्द मात्र लक्षात ठेवा.

कारण ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये चौदाव्या शतकात काही जण अशाच 'समजा'ने खेळत होते. समजा एखाद्या वस्तूचा वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला, तर ती किती अंतर कापेल? विल्यम हेट्सबरीने १३३५ मध्ये नियम लिहिला. मधल्या क्षणी जो वेग असेल, त्याच वेगाने ती सगळा वेळ चालली असती तर जेवढं, तेवढंच. अ‍ॅरिस्टॉटलमध्ये हे कुठेही नाही. कोणी गोळे सोडून मोजलेही नव्हते. हे सगळं डोक्यात आणि वादात चाललेलं. मोजायला सुचलं नाही हे त्यांचं मोठं अपयश, ते मान्यच करायला हवं.

मग पॅरिसचा निकोल ओरेम. याने चित्र काढलं. आडव्या रेघेवर वेळ, आणि प्रत्येक क्षणी उभी रेघ, त्या क्षणीच्या वेगाइतकी. वेग एकसारखा वाढत असेल तर उभ्या रेघांची टोकं जोडून त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाला निम्म्या उंचीवर आडवं कापा. वरचा छोटा त्रिकोण उलटा करून खालच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवा. चौकोन तयार! लांबी तीच, उंची निम्मी. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात याच प्रमेयाला जवळपास हीच आकृती आहे.

मित्रमैत्रिणींनो, उंची निम्मी. तो हाफ तिथून आला. इंटिग्रेशनचा शोध लागायच्या तीनशे वर्षं आधी, डार्क एजेसमध्ये.

ओरेमचा आणखी एक किस्सा सांगितला नाही तर लबाडी होईल. १३७७ मध्ये त्याने पृथ्वी स्वतःभोवती फिरते का यावर लिहिलं. ती फिरत नाही हे सिद्ध करणारं एकही कारण टिकत नाही, हे त्याने एकेक मुद्दा घेऊन दाखवलं. आणि शेवटी म्हणाला, तरी पण ती स्थिर आहे असंच सगळे मानतात आणि मीही मानतो, बायबलमध्ये तसं आहे. एवढं सगळं करून पुस्तकात दिलंय, सर! मला त्याचा राग आला नाही. त्याच वर्षी तो बिशप झाला होता, आणि मी पण मार्कांसाठी बरंच काही मानते.

ते चित्र वाचलं त्या रात्री मी ग्राफपेपर घेतला, त्रिकोण काढला आणि ब्लेडने निम्म्यावर कापला. वरचा तुकडा फिरवून कोपऱ्यात ठेवला. बरोबर बसला, एक चौकटसुद्धा इकडेतिकडे नाही. रूममेटला उठवून दाखवलं तर ती "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं" म्हणून कूस बदलून झोपली. ते दोन तुकडे माझ्या मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये आहेत, ज्याला बघायचे त्याने येऊन बघावेत.